वंदेचे कुलशील

एखाद्या शब्दाने मनुष्याची कशी फसगत होते, ह्याचा स्वतःचा एक अनुभव प्रथम सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत मी कोकणातील आमच्या घरी गेलो होतो. परसात आजोबांच्या हातचा एक रायवळ आंबा आहे. त्या साली त्याला फळ बेताचेच धरले होते. वर पाहिले तो फांद्याफांद्यांवर परके हिरवे झुबके वाढलेले दिसले. माझा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. वनस्पतिशास्त्राशी शाळेतील धड्यांपलीकडे परिचय नव्हता. परंतु वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतलेला अमरकोश जिभेवर होता, आणि झाडावर उगवणाऱ्या ह्या उपऱ्यांना त्यात ‘वृक्षादनी’, म्हणजे झाड खाणारी, असे नाव दिलेले आहे हे मला पक्के आठवत होते. झाले, गड्यास कोयता देऊन वर चढविले आणि आंब्याचे नसेल ते सर्व उतरविण्यास सांगितले.

संध्याकाळपर्यंत अंगणात मोठा ढीग पडला. त्यात दोन तऱ्हेची झाडे होती. एक काष्ठमय, जाड पानांचे. ते तोडताना आंब्याची फांदीही बरोबर तुटून आली होती, कारण दोहोंचा सांधा एकजीव झालेला होता. दुसऱ्याची पाने लांब पट्ट्यांसारखी व समोरासमोर दोन ओळींत लागलेली. मुळे बोटाएवढी जाड, पांढुरकी आणि टोकाशी हिरवी. ह्या दुसऱ्या प्रकारातील दोनतीन रोपांना फुलांचे तुरे आले होते, आणि त्यांचा मंद सुवास त्या ढिगातूनही येत होता. मी दोहोंत भेद केला नाही. दोन्ही झाडावर होती, म्हणून दोन्ही गुन्हेगार!

पहिले झाड म्हणजे आपले नेहमीचे बांडगूळ. दुसरे कोण, हे पुढे काही वर्षांनी एक ग्रंथ चाळताना कळले, आणि त्या शोधात मी ज्या इतिहासात शिरलो तो मला आपल्या राजेरजवाड्यांच्या इतिहासाहून कमी रसाळ वाटला नाही. ते झाड आमर कुलातील, म्हणजे ज्यास इंग्रजीत ऑर्किड म्हणतात त्या कुलातील होते. त्याच्या वंशाचे शास्त्रीय नाव ‘व्हँडा’. हे नाव ग्रीक नव्हे, लॅटिनही नव्हे. ते आपल्या अमरकोशातील ‘वन्दा’ होय. पुष्पगुच्छांच्या दुकानांत ज्याची निळीजांभळी फुले आज मोल देऊन घेतली जातात, त्या वंशाला साऱ्या जगाने संस्कृत नावाने हाक मारावी, ही गोष्ट आपल्याकडील शिकलेल्या मंडळींपैकीही थोड्यांसच ठाऊक असेल. ह्या नावामागे जी हकीकत आहे ती प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे. कोण कोठे राहतो ह्यावरून तो कोण आहे हे ठरविण्याची चूक मी अंगणात एका दुपारी केली. शास्त्रज्ञांस ती दुरुस्त करण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली, आणि त्या दुरुस्तीचे काम अद्याप चालूच आहे.

प्रथम कोशाकडे पाहू. अमरसिंहाने वनौषधिवर्गात वन्दा, वृक्षरुहा, वृक्षादनी आणि जीवन्तिका ही नावे एकत्र दिली आहेत. वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी. ह्या नावात केवळ वस्तुस्थितीचे वर्णन आहे. वृक्षादनी म्हणजे वृक्ष खाणारी. ह्यात आरोप आहे. वर्णन व आरोप एकाच पंक्तीत पर्याय म्हणून बसले की वर्णन ज्याला लागू पडते त्याला आरोपही आपोआप चिकटतो. कोशकाराचा त्यात दोष नाही. कोश शब्दांची संगती लावतो, झाडांची नव्हे. परंतु आपण त्यातून झाडांची संगती लावू लागलो, म्हणजे घोटाळा होतो.

बांडगुळास हा आरोप बराचसा लागू आहे. फुलटोच्या पक्षी त्याची फळे खातो आणि चिकट बी फांदीवर ठेवून जातो. ते रुजले की त्याचे शोषक मूळ सालीतून लाकडात घुसते आणि यजमानाचे पाणी व क्षार ओढून घेते. तथापि त्याची पाने हिरवी असतात, आणि सूर्यप्रकाशात ते आपले काही अन्न स्वतःही तयार करते. म्हणजे ज्याचे नाव आपण फुकट्या मनुष्यास शिवी म्हणून देतो, तेही पुरते फुकटे नाही. वंदेचा व्यवहार ह्याहून अगदी निराळा आहे. तिची मुळे सालीत शिरत नाहीत. सालीला केवळ कवटाळून राहतात, आणि कित्येक तर हवेतच लोंबतात. मुळाभोवती मृत पेशींचे एक स्पंजासारखे आवरण असते. ते कोरडे असता पांढरे दिसते; पावसाची सर आली किंवा दव पडले की ते पाणी शोषून घेते व आतील हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. सालीच्या फटीत साठलेला पाचोळा, धूळ आणि पावसाचे पाणी एवढ्यावर तिचा निर्वाह चालतो. झाडाकडून ती मागते ती उजेडाजवळची एक जागा.

जागेवरून नाव ठेवण्याची रीत केवळ आपलीच होती असे मात्र नाही. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड ह्याने तेथील वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ नावाचा बारा खंडांचा ग्रंथ रचविला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. ह्या कामी त्यास इट्टी अच्युतन ह्या मलबारी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट ह्या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचे साहाय्य झाले. त्यांचे १६७५ सालचे प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात कोंकणी भाषेत व नागरी लिपीत छापलेले आहे. आपल्या कोंकणपट्टीच्या भाषेचा व लिपीचा युरोपातील छापखान्यात झालेला तो एक फार जुना प्रवेश होय. ह्या ग्रंथात झाडांवर वाढणाऱ्या कित्येक आमरांची चित्रे आहेत, आणि त्यांच्या मलबारी नावांच्या शेवटी ‘मरवाळ’ हा शब्द येतो. मरम् म्हणजे झाड व वाळ म्हणजे केळ, झाडावरची केळ! आंजिलीच्या झाडावर आढळणारी ती ‘आंजिली मरवाळ’, सोनेरी फुलांची ती ‘पोन्नांपू मरवाळ’. ह्यांपैकी पहिली म्हणजे आपल्याकडे जिला सीतेची वेणी म्हणतात ती. दुसरीचा ह्या कथेशी निकटचा संबंध आहे, तो पुढे येईल.

ऱ्हीडच्या चित्रांवरूनच स्वीडनच्या लिनीयसने १७५३ साली आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात ह्या झाडांस शास्त्रीय नावे दिली. लिनीयसची बुद्धी केवढी! प्रत्येक झाडास वंशाचे एक व जातीचे एक अशी दोन नावे देण्याची त्याची पद्धत आजही सर्व शास्त्र मानते. पण उष्ण देशांतील आमर जिवंत पाहण्याची संधी त्यास फारच थोडी मिळाली होती. त्याने काय केले, तर झाडावर राहणारे बहुतेक आमर एकाच वंशात घातले आणि त्या वंशाचे नाव ‘एपिडेंड्रम’ ठेवले. ह्या ग्रीक नावाचा अर्थ झाडावरचे! संस्कृतातील वृक्षरुहा, मलयाळममधील मरवाळ आणि लिनीयसचे एपिडेंड्रम ह्या तिन्ही नावांत एकच विचार आहे. एका चाळीत राहणाऱ्या सर्व भाडेकऱ्यांस एकाच आडनावाचे समजावे, तसा हा प्रकार झाला. त्या चाळीत अमेरिकेतील झाडे होती, मलबारातील होती आणि ईस्ट इंडीजमधीलही होती. ती एकमेकांची कोणी लागत नव्हती.

ही चाळ मोडण्याची सुरुवात ज्या दोन लिखाणांत दिसते ती दोन्ही १७९५ सालची आहेत. पहिले सर विल्यम जोन्सचे. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा हा न्यायाधीश, एशियाटिक सोसायटीचा संस्थापक, शाकुंतलाचा भाषांतरकार. पण आयुष्याच्या उत्तरार्धात वनस्पतिशास्त्र हा त्याचा मोठा विरंगुळा होता. हिंदी झाडांस युरोपीय नावे लादण्यापेक्षा त्यांची संस्कृत नावे शोधून काढावीत, असा त्याचा आग्रह असे. १७९४ साली तो वारला, आणि पुढील वर्षी सोसायटीच्या संशोधनग्रंथाच्या चौथ्या खंडात निवडक हिंदी झाडांवरील त्याची टिपणे प्रसिद्ध झाली. त्यांत ‘वन्दा’ हे नाव आहे. दुसरे लिखाण विल्यम रॉक्सबर्ग ह्याचे. त्याच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथाचा पहिला खंड त्याच सुमारास लंडनमध्ये निघत होता. त्यात त्याने ह्याच झाडाचे रंगीत चित्र व वर्णन दिले. मात्र वंश लिनीयसचाच ठेवून नाव दिले ‘एपिडेंड्रम टेसेलेटम’. टेसेलेटम म्हणजे चौकटीचौकटीचे. पिवळट हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेषांची जी जाळी असते तिजवरून हा शब्द आला. संस्कृतज्ञाजवळ नाव होते, वनस्पतिज्ञाजवळ झाड होते. दोहोंची गाठ अजून पडावयाची होती.

ती गाठ १८२० साली रॉबर्ट ब्राउनने घालून दिली. लंडनच्या ‘बोटॅनिकल रजिस्टर’ ह्या सचित्र नियतकालिकात त्याने जोन्सचे नाव उचलून ‘व्हँडा’ हा स्वतंत्र वंश स्थापन केला, आणि रॉक्सबर्गच्या स्मरणार्थ त्या जातीस ‘व्हँडा रॉक्सबर्गाय’ म्हटले. पुढे अग्रक्रमाच्या नियमाप्रमाणे रॉक्सबर्गने स्वतः दिलेला जुना शब्द पुन्हा प्रतिष्ठित झाला, आणि आज ती ‘व्हँडा टेसेलेटा’ ह्या नावाने ओळखली जाते. माझ्या अंगणातील ढिगात पडली होती ती हीच. आमरांच्या पानांतील पेशी तपासतानाच ब्राउनला प्रत्येक पेशीत एक गोल ठिपका आढळला. १८३१ साली लिनीयन सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने त्यास ‘न्यूक्लियस’ हे नाव दिले. साऱ्या जीवशास्त्रास आज आधारभूत असलेला हा शब्द आमरांच्या अभ्यासातून मिळाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ब्राउनने वंदेस निराळे का काढले? त्याने ती कोठे राहते हे न पाहता तिच्या फुलाची घडण पाहिली. आमराच्या फुलात बाहेरची तीन दले व आतल्या तीन पाकळ्या असतात. त्या आतल्या तिहींपैकी एकीचे रूप पालटलेले असते. तिला ओष्ठ म्हणतात, आणि कीटकाला उतरण्यास ती ओट्यासारखी उपयोगी पडते. पुंकेसर व स्त्रीकेसर निराळे नसून दोहोंचा मिळून एक लहानसा स्तंभ झालेला असतो. पराग भुकटीसारखा सुटा नसून त्याचे मेणचट गोळे असतात. वंदेच्या स्तंभावर असे दोन गोळे एका सपाट देठावर बसलेले असून देठाच्या बुडाशी एक चिकट चकती असते. कीटकाने डोके आत घातले की चकती त्याला चिकटते, आणि तो दोन्ही गोळे घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातो. वंदेच्या ओष्ठाला मागे एक आखूड शुंडिका, म्हणजे बंद टोकाची नळी असते. खोड एकाच शेंड्याने वर वाढत राहते. इतर पुष्कळ आमरांस असतात तसे फुगीर साठ्याचे कंद तिला नसतात. ही लक्षणे झाडावर असो वा खडकावर असो, बदलत नाहीत. जागा बदलली म्हणून जे बदलत नाही ते कुलाचे लक्षण, हा विचार येथे प्रथम नीट रुजला. पुढे जॉन लिंडलीने १८३० ते १८४० ह्या दहा वर्षांत साऱ्या आमर कुलाची व्यवस्था लावली, तेव्हा एका मोठ्या समूहाचे नाव त्याने वंदेवरूनच ठेवले. चार्ल्स डार्विनने १८६२ साली आमरांच्या परागणावर जो ग्रंथ लिहिला त्यातही ह्या समूहाचा विचार विस्ताराने केलेला आहे.

येथवर ही कथा ग्रंथालयातील वाटेल. परंतु नावाचा गोंधळ ग्रंथालयात राहत नाही. तो वैद्याच्या खलात आणि रोग्याच्या पोटातही उतरतो. महारास्नादि काढा कोणत्या घरात ठाऊक नाही? त्यातील रास्ना कोणती, ह्याविषयी प्रांतोप्रांती मतभेद आहे. बंगालकडे वंदेची मुळे रास्ना म्हणून विकली जात आली आहेत. दक्षिणेत कुलिंजनाचे कंद वापरतात. आणि हिंदुस्थानच्या आयुर्वेदीय औषधिकोशाने सूर्यफुलाच्या कुलातील ‘प्लुकिया लान्सिओलाटा’ हे तिसरेच झाड रास्ना म्हणून मान्य केले आहे. ही तीन झाडे तीन वेगळ्या कुलांतील असून त्यांच्या अंगचे रस एक असण्याचे काही कारण नाही. एका नावाखाली तीन पुड्या बांधल्या जातात, आणि गुण आला नाही म्हणजे बिचाऱ्या ग्रंथकारास दोष दिला जातो. शिवाय मूळ खणून वा ओरबाडून घेतल्यावर वंदा जगत नाही, हा हिशेब निराळाच.

ओळख नीट पटली म्हणजे हानी टळते, असे ह्यावरून कोणी म्हणेल, तर निळ्या वंदेची हकीकत त्याला विचारात पाडील. १८३७ साली विल्यम ग्रिफिथ ह्यास आसामलगतच्या खासी डोंगरांत आकाशी निळ्या फुलांची एक वंदा आढळली. ग्रिफिथ १८४५ साली मलाक्का येथे अकाली वारला, आणि त्याने दिलेले ‘सेरुलिया’ हे नाव लिंडलीने १८४७ मध्ये प्रसिद्ध केले. निळे आमर अत्यंत दुर्मिळ. त्यामुळे इंग्लंडातील श्रीमंत बागवाल्यांत एकच खळबळ उडाली. जोसेफ हूकर हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १८५० साली खासी डोंगरांत हिंडत होता. ओकच्या रानात ही वंदा फुलांनी लगडलेली पाहून त्याने नमुन्यांसाठी ३६० तुरे तोडले, आणि लंडनजवळच्या क्यू येथील बागेसाठी सात माणसांची ओझी भरतील इतकी झाडे गोळा केली. त्यांपैकी फारच थोडी इंग्लंडास जिवंत पोहोचली. त्याच्याबरोबर आपला माळी जागा पाहण्यास पाठविणाऱ्या एका गृहस्थाने एका माणसाचे ओझे विलायतेस धाडले. ते खराब स्थितीत पोहोचूनही ३०० पौंडांस विकले गेले. हे सर्व हूकरने आपल्या प्रवासवृत्तात स्वतःच नमूद केले आहे, आणि एखाद्या चपळ संग्राहकास एका हंगामात दोनतीन हजार पौंड सहज मिळतील, असा हिशेबही मांडला आहे. ज्ञानाची आस्था आणि बाजाराचा लोभ एकाच वाटेने, एकाच वाटाड्यामागून त्या रानात शिरले. मी अज्ञानाने दहापाच रोपे मारली. तेथे पुऱ्या ज्ञानाने डोंगर मोकळे झाले.

ह्याची भरपाई पुढच्या शतकात थोडीफार झाली. हिंदुस्थानच्या १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात निळ्या वंदेस पुढे नावानिशी संरक्षण मिळाले. वन्य प्राणी व वनस्पती ह्यांच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारातही ती अत्यंत कडक यादीत होती. २००४ साली बँकॉकच्या परिषदेत तिला त्या यादीतून काढून कमी कडक यादीत घातले. कारण बाजारात येणारी झाडे एव्हाना बहुतेक रोपवाटिकांत तयार केलेली होती. हे घडविण्यास दोन शोध कारण झाले. आमराचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अंकुरासाठी अन्नाचा साठा नसतो. ते कसे रुजते हे कोडे फ्रान्सच्या नोएल बर्नारने १८९९ साली सोडविले. एक सूक्ष्म बुरशी त्या बियात शिरते, आणि तिच्याकडून अन्न मिळाले तरच अंकुर जगतो. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने बुरशीवाचून, साखर व क्षार घातलेल्या आगरावर बी रुजवून दाखविले. वाचकांनी येथे एक गंमत पाहावी. वंदा दुसऱ्याचे खाते हा कोशातला आरोप अगदीच निराधार नव्हता. केवळ आरोपी ओळखला, फिर्यादी चुकला. बालपणी ती खरोखर परान्नभोजी असते, पण ते अन्न वृक्षाचे नसून डोळ्यांस न दिसणाऱ्या बुरशीचे असते.

आता कुळकथेचे शेवटचे प्रकरण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमरांचा सर्वाधिकारी पंडित म्हणजे हँबुर्गचा राइखेनबाख. १८८९ साली तो वारला, तेव्हा मृत्युपत्रात त्याने आपला प्रचंड वनस्पतिसंग्रह व्हिएन्नाच्या संग्रहालयास दिला. पण अट घातली की पंचवीस वर्षे तो कोणी उघडू नये! शेकडो जातींचे मूळ नमुने त्यात बंद पडले, आणि इतरांस त्याच जातींना चाचपडत नवी नावे द्यावी लागली. आपल्या पुराणातला एखादा कोपिष्ट ऋषीही विद्येवर इतका कडक पहारा बसवीत नसे. ती मुदत सरत आली होती त्याच सुमारास जर्मनीच्या रुडॉल्फ श्लेश्टरने वंदेच्या घराची वाटणी आरंभिली. १९१३ ते १९१५ च्या दरम्यान त्याने लहान फुलांच्या कित्येक जाती ‘अॅस्कोसेंट्रम’ म्हणून, फिलिपीन्समधील मिंडानाव बेटावरची भव्य फुलांची जात ‘युअँथे’ म्हणून, आणि पेन्सिलीसारख्या गोल पानांच्या जाती ‘पॅपिलिओनँथे’ म्हणून निराळ्या काढल्या. बर्लिन येथील त्याचा स्वतःचा संग्रह १९४३ च्या बाँबहल्ल्यात जळून गेला.

एकत्र कुटुंब फुटले की दूरच्या नातलगांचीही पंचाईत होते. तसेच येथे झाले. सिंगापूरच्या आग्नेस जोकिम ह्या बाईंच्या बागेत दोन जातींच्या संकराचे एक सुंदर झाड फुलले होते. तेथील वनस्पतिउद्यानाचे प्रमुख हेन्री रिडले ह्यांनी १८९३ साली त्यास ‘व्हँडा मिस जोकिम’ असे नाव देऊन प्रसिद्ध केले. १९८१ साली सिंगापूरने हेच आपले राष्ट्रीय पुष्प म्हणून निवडले. परंतु त्याचे आईबाप दोन्ही गोल पानांचे, म्हणजे श्लेश्टरच्या वाटणीप्रमाणे पॅपिलिओनँथे. शास्त्राने वंशाचे नाव बदलले. लोक अजून जुन्याच नावाने त्यास ओळखतात. ऱ्हीडच्या ‘पोन्नांपू मरवाळ’ची गत तर ह्याहून मौजेची. लिनीयसने १७५३ मध्ये तिला एपिडेंड्रमच्या चाळीत ठेवले, १८२६ साली ती वंदेच्या घरी आली, आणि १९९२ साली तिच्यासाठी ‘टॅप्रोबेनिया’ हा स्वतंत्र वंश काढण्यात आला. टॅप्रोबेन हे सिंहलद्वीपाचे जुने ग्रीक नाव. ती दक्षिण हिंदुस्थानात व सिंहलद्वीपात आढळते.

ओष्ठाची लांबी, शुंडिकेचा बाक, पानाची गोलाई ह्यांवर वाटण्या करणारे व त्या मोडणारे ह्यांचा वाद शंभर वर्षे चालता. पण फुलाची घडण हीदेखील एका अर्थी परिस्थितीचीच देणगी आहे. निराळा कीटक लाभला की सख्ख्या बहिणींची फुले निराळी होतात, आणि एकच कीटक लाभला की परक्यांची सारखी. म्हणून गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी पेशींतील आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे ‘डीएनए’ची तुलना आरंभिली. लॉरेन गार्डिनर व त्यांचे सहकारी ह्यांच्या संशोधनावरून २०१२ च्या सुमारास निकाल लागला तो असा: अॅस्कोसेंट्रम आणि युअँथे वंदेच्या घरातूनच निघालेल्या शाखा, त्यांना परत घ्यावे. पॅपिलिओनँथे आणि टॅप्रोबेनिया खरोखर निराळे. ते तसेच राहोत. जपानात ज्यास ‘फूरान’, म्हणजे वाऱ्याचा आमर म्हणतात, ते सरदारघराण्यांनी पूर्वी मोठ्या कौतुकाने जोपासलेले इवलेसे पांढऱ्या फुलांचे झाडही आता वंदाच ठरले आहे. आज ह्या वंशात सत्तरांहून अधिक जाती मोजतात, आणि त्यांचा विस्तार हिंदुस्थानापासून जपानपर्यंत व दक्षिणेस ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत आहे. फुलांच्या बाह्य रूपात एवढे अंतर असूनही नाते जवळचे, असे हे घराणे आहे. जागेवरून रूपाकडे, रूपावरून वंशपरंपरेकडे, असा तिच्या ओळखीचा प्रवास झाला. नवे पुरावे येतील तसे काही जातींस आणखी एकदा घर बदलावे लागेल, ह्यात शंका नाही.

आपल्या सह्याद्रीच्या व कोकणच्या भागात वंदेच्या दोन जाती विशेष आढळतात. एक ही टेसेलेटा, दुसरी तिच्याहून लहान फुलांची टेस्टेशिया. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे एके काळचे प्रिन्सिपॉल थिओडोर कूक ह्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर १९०१ ते १९०८ ह्या काळात जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ह्या दोघींचीही नोंद तेव्हाच्या नावांनी केलेली आहे. म्हणजे मी कोयता चालविला त्याच्या कितीतरी आधीपासून, माझ्या अंगणातील झाडाचे वर्णन कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात मला वाचावयास मिळाले असते. मी कोशावर भागविले.

त्या आंब्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. पुढील वर्षी फळ काही वाढले नाही. बांडगुळाचे शोषक मूळ लाकडात खोल शिल्लक होते. दोन पावसाळ्यांत ते जुन्याच जागी पुन्हा फुटले. वंदेचे सालीत काहीच अडकलेले नव्हते, म्हणून ती परत आली नाही. ज्याच्यावर आरोप खरा होता तो परतला, आणि जिच्यावर खोटा होता ती गेली. वीस वर्षे मी सुटीत जाऊन त्या फांद्यांकडे पाहत असे. योग्य बी, योग्य साल आणि योग्य बुरशी ह्यांची गाठ सहसा पडत नसावी.

चार वर्षांपूर्वी वादळाने शेजारच्या वाडीतील एक जुना फणस पडला. त्याच्या मोडक्या फांदीवर वंदेचे एक रोप होते. मालकास विचारून ते घरी आणले आणि आमच्या आंब्याच्या खांदीशी सुतळीने सैलसे बांधले. सुतळी केव्हाच कुजून गेली आहे; रोप सालीला धरून आहे. फूल अजून आलेले नाही. बांधताना शिडी धरून उभा असलेला गड्याचा मुलगा मला म्हणाला, “भाऊ, बांडगूळ काढतात, तुम्ही बांधता काय?” ते बांडगूळ नव्हे, हे सांगण्यास क्षणही लागला नाही. मग ते कोण, असे त्याने विचारले, तेव्हा ते सांगता सांगता दिवेलागण झाली.